रजेच्या काळातील पत्ता

आमच्या घराबाहेर पडायला नुसतं दार पुरायचं नाही, वही लागायची. दारामागच्या खुंटीला सुतळीनं बांधलेली लांबडी वही, आणि त्याच सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन. कोण, कुठं, कशाला, किती वाजता गेला, किती वाजता आला. कोपऱ्यावरच्या गिरणीतनं दळण आणायचं असलं तरी वहीत लिहायचं. मी नववीत असताना आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन कोल्हापूरला आले, आणि त्याच आठवड्यात ही वही आली. तोवर ते वर्षातून दोन महिने यायचे, कॅन्टीनचे बिस्किटपुडे द्यायचे, माझे लाड करायचे आणि जायचे. पाहुणा म्हणून माणूस लाखात एक होता. कायमचा मुक्कामाला आला आणि सगळा घोटाळा झाला.

रंकाळ्याच्या पलीकडं आमचं चार खोल्यांचं घर. पंधरा दिवसांत त्याची छावणी झाली. अंगणातल्या दगडांना चुना आणि गेरू, कुंड्यांना चुना आणि गेरू, पेरूच्या झाडाला कमरेपर्यंत चुना आणि गेरू. आमची म्हैस आईनं वेळेत चुलतीकडं पोचवली म्हणून वाचली, नाहीतर तिलाही पट्टे आले असते. पहाटे पाचला शिट्टी. रविवारी ट्रंका उघडून तपासणी. पलटण किती, तर आई आणि मी. दोघीच! तरीपण हजेरी रोज घेतली जायची, आणि आपण दोघीच आहोत हे आण्णांना रोज नव्यानं मोजून बघावं लागायचं.

गल्लीत मात्र आण्णांचा लई मान. काय शिस्त हाय म्हणायची सुभेदारांच्या घरात, असं बायका आईला सांगायच्या. आई हसायची. मला वाटायचं, एक दिवस या की राहायला, पावणं म्हणून नको, शिपाई म्हणून या.

चार तासांच्या वर बाहेर राहायचं तर वहीनं भागायचं नाही, रजेचा अर्ज लागायचा. तोही थेट द्यायचा नाही, मधल्या अधिकाऱ्यामार्फत. मधला अधिकारी म्हणजे आई. भाजी हलवता हलवता ती हात पदराला पुसायची, अर्जाखाली ‘शिफारस आहे’ लिहायची आणि सही करायची. सातवीपर्यंत शिकलेली बाई ती. किराण्याच्या यादीनंतर आयुष्यात तिनं सगळ्यात जास्त वेळा लिहिलं असेल तर हेच. शाळेची सहल पन्हाळ्याला निघाली तेव्हा मी कारण म्हणून ‘मजा’ लिहिलं. अर्ज लाल शाईत परत आला, ‘कारण पुरेसे नाही.’ मग ‘ऐतिहासिक माहिती’ लिहिलं आणि मंजूर झालं. पन्हाळ्यावर मी दिवसभर भाजलेली कणसं खाल्ली. खोटं बोलायची शिस्त मला घरातच लागली म्हणायची.

मी दहावीत असताना पेठ वडगावहून मामाचा फोन आला. आजी, म्हणजे आईची आई, न्हाणीत घसरून पडली होती, खुबा मोडला होता, आणि सारखं लेकीचं नाव घेत होती. वडगाव काय लांब आहे? एसटीनं जाऊन, बघून, परत येऊन संध्याकाळचा चहा घरी घेता येतो. पण आईला चार दिवस राहायचं होतं. तिनं आण्णांना विचारलं. आण्णा म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

मग आईनं जन्मातला पहिला अर्ज लिहिला. स्वयंपाकघरात पाटावर बसून, माझ्या वहीचं पान फाडून. मधला अधिकारी तीच असल्यामुळं शिफारसही स्वतःच केली. आण्णा कागद फक्त संध्याकाळी सहा वाजता बघायचे. पहिल्या संध्याकाळी अर्ज परत, तारीख नाही. दुसऱ्या संध्याकाळी परत, आपल्या जागी काम कोण बघणार ते लिहिलेलं नाही. आईनं माझं नाव घातलं. तिसऱ्या संध्याकाळी परत, कारण माझी सहामाही परीक्षा होती. आईनं चुलतीला गळ घातली, तिचं नाव घातलं. मधे रविवार आला, रविवारी कागद बघायचे नाहीत. पाचव्या संध्याकाळी आण्णांनी लाल पेनानं एका ओळीभोवती गोल काढला. रजेच्या काळातील पत्ता, म्हणून आईनं लिहिलं होतं, ‘वडगाव, बाजाराच्या मागं, मारुतीच्या देवळाजवळ.’ आण्णांनी शेजारी लिहिलं, ‘पत्ता अपूर्ण.’

घरनंबर आईला कुठला माहीत? जन्मल्या घराला कोण नंबर विचारतंय? तिनं मामाला फोन लावला, मामा शेतावर गेलेला. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, जा की तशीच, बांधून ठेवलंय का तुला? ती म्हणाली, उगाच घरात वाद नको, उद्या होईल मंजूर. आण्णांचा राग यायचाच, पण त्या दिवशी मला तिचा जास्त राग आला, आणि तो मी अजून स्वतःला माफ केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामाचा फोन आला. आजी पहाटे गेली होती.

आण्णांनी तो अर्ज मागवून घेतला. सहा वाजायची वाट न बघता, उभ्या उभ्या लिहिलं, ‘मंजूर. आठ दिवस.’ चार मागितले होते, आठ दिले. त्यांच्या हिशोबानं ही माया होती. आईनं कागदाची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि निघाली. वहीत काही लिहिलं नाही.

ती तेरावा करून चौदाव्या दिवशी आली. आठव्या दिवशी रजा संपली म्हणून आण्णांनी मला वडगावला पाठवलं होतं, निरोप लेखी. आईनं तो वाचला आणि म्हणाली, येईन म्हणावं. आल्यावर त्या वहीला तिनं पुन्हा हात लावला नाही. मनाला येईल तेव्हा भावाकडं जायची, सांगायची नाही, विचारायची नाही. आण्णांनी तिला अडवलं नाही. पण वही अर्धवट कशी ठेवायची? ती गेली की तिची नोंद ते स्वतः करायचे. गेली नऊ वाजता, आली साडेपाचला. कारणाचा रकाना कोरा.

माझं लग्न झालं, वर्षं गेली. दोन हजार पाचच्या सुमाराला आण्णांना हृदयाचा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी आईला बजावलं, तुम्हाला विचारल्याशिवाय ह्यांना घराबाहेर सोडायचं नाही. त्या दिवाळीत मी माहेरी होते. बेळगावला आण्णांच्या पलटणीच्या जुन्या लोकांचा मेळावा होता. बूट दोन दिवस आधीच आरशासारखे करून ठेवलेले. आण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, दोन दिवस जाऊन येतो. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अर्ज द्या की.”

आण्णा हसले. आई हसली नाही. मग त्यांनी खरोखर अर्ज लिहिला. तारीख, कारण, औषधांच्या वेळा, सगळं जागच्या जागी. आईनं माझा चष्मा मागून घेतला, सावकाश वाचला आणि परत दिला. “पत्ता अपूर्ण हाय.”

“पलटणीचा पत्ता सगळ्यांना माहीत असतोय.”

“मला न्हाई माहीत.”

मग लिहायचा तरी कसा, असं ते वैतागून म्हणाले. आई उठली, ट्रंक उघडली आणि तळातनं घड्या पडलेला एक कागद आणून त्यांच्या हातात दिला. नमुना हाय, म्हणाली, बघून लिवा.

आण्णा खुर्चीत बसले. लाल शाई विटकरी झाली होती, पण अक्षर त्यांचंच. तारीख, बदली माणूस, गोल, पत्ता अपूर्ण, मंजूर. कितीतरी वेळ ते त्या गोलाकडंच बघत होते. मी कणीक मळत होते, माझे हात थांबले. शेवटी त्यांनी विचारलं, आणि आण्णांनी मला हुकूम न देता विचारलेलं हे पहिलंच काहीतरी असेल.

“तुझ्या आजीच्या घराचा पत्ता काय होता गं?”

उत्तर आईनंच दिलं, मेथीवरनं नजर न उचलता.

“तुमचं वऱ्हाड तिथंच आलतं की. तवा कुणाला पत्ता इचारला न्हवता.”

मग तिनं आण्णांच्या अर्जावर ‘मंजूर’ लिहिलं, सही केली आणि गोळ्यांची डबी त्यांच्या पिशवीत भरून ठेवली. मेळाव्याच्या दिवशी आण्णा बूट घालून, आईचा तो जुना अर्ज हातात घेऊन अंगणात बसून राहिले. बेळगावला गेले नाहीत.