सुंदरबाई वापरात नाही

असोद्याच्या नूतनला नीटनेटकेपणाचं भारी वेड. शेजारणीच्या दोरीवर कपडे वाकडे वाळत असले, तरी ती चिमटे काढून सरळ करून यायची. मेहरूणमधल्या तीन माणसांच्या ऑफिसात ती केळीचे ट्रक बुक करायच्या वेबसाइटचा कोड लिहायची, आणि तिथे तिचं रोज डोकं फिरायचं. सोबतचा रमीज ओळीच्या सुरुवातीला टॅब मारायचा, प्रेमराजभाऊ चार स्पेस. फाईल सेव्ह केली की ज्याचा-त्याचा एडिटर ती आपल्या पद्धतीने नव्याने मांडायचा. बटणाचा रंग बदलला तरी चारशे ओळी बदललेल्या दिसायच्या.

एका सोमवारी नूतनने कंबर कसली. कोड सारखा मांडणारा फॉरमॅटर आणि चुका पकडणारा लिंटर बसवला, दोघांचे नियम प्रोजेक्टमध्येच ठेवले. नियम मोडला की कोड जमाच होणार नाही.

“दोन स्पेस आणि ओळीशेवटी सेमिकोलन. सगळ्यांना सारखं!”

रमीजने टॅबसाठी थोडी हळहळ व्यक्त केली आणि मान डोलावली. प्रेमराजभाऊंचा कोड मात्र अडला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: ‘सुंदरबाई’ तयार केली आहे, पण कुठेच वापरलेली नाही. एकवीस फाईलींत, एकवीस वेळा!

“आईचं नाव आहे ते,” प्रेमराजभाऊ तडकले. “शुभ म्हणून प्रत्येक फाईलच्या वर या नावाचा रिकामा कप्पा करून ठेवतो.”

“काढून टाका ना, भाऊ.”

“आईला काढून टाकू?”

त्यांनी तिथूनच धुळ्याकडच्या गावी फोन लावला, स्पीकरवर. “आई, ही नूतन म्हणते, तू कामाची नाहीस!”

“कोन शे ती?” सुंदरबाई अहिराणीत कडाडल्या. “सकायपासून बठ्ठं घरनं काम कोन करस, इचार तिले!”

नूतन फोनकडे झुकली. “मावशी, तुम्ही नाही हो. तुमचं नाव कोडात नुसतं बसून आहे.”

मग तोफ लेकाकडे वळली. “प्रेम्या, मना नावले नुसतं बसाडी ठेवस का तू? काम दे त्याले!”

भाऊंनी निमूटपणे वीस फाईलींतून नाव काढलं. एकविसाव्या फाईलीत सुंदरबाईला काम मिळालं: ट्रक पोचला की शेतकऱ्याला जाणारा निरोप सांभाळायचं. तो निरोपही आईनेच सांगितला, “गाडी वनी. डायवरले पानी पाजा.” लिंटरने चूं केलं नाही. नूतनला इतकं बरं वाटलं, की तिने स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला.

गुरुवारी पहूरहून एका शेतकऱ्याचा फोन आला. “ताई, पाणी पाजलं, जेवायलाही घातलं. आता ड्रायव्हर बाजेवर घोरतोय. त्याला उठवायचा निरोप कधी येतो?”