रिकाम्या स्टँडमधली हाक

“दादा, पब्लिक वर घ्या. अजून थोडी वर.”

हेडफोनमध्ये कौस्तुभचा आवाज. कौस्तुभ म्हणजे लीगचा ब्रॉडकास्ट मॅनेजर. पुण्याचा, तिशीतला, बोलायला गोड. मी मिक्सरवरची एक पट्टी वर सरकवली. या पट्टीला फेडर म्हणतात. माइकला एक फेडर, गाण्याला एक, प्रत्येक आवाजाला आपापला. शेवटच्या फेडरखाली मी टेप चिकटवून त्यावर पेनानं ‘पब्लिक’ असं लिहिलं होतं. तो वर गेला आणि लातूरच्या मैदानावर भरल्या जत्रेसारखा गलका उठला.

समोरच्या स्टँडमध्ये तेव्हा मोजकी माणसं बसली होती. त्यातली निम्मी पाण्याच्या बाटल्या विकणारी.

माझा धंदा साउंडचा. दुकान नांदेडला. लग्नं, सभा, जयंत्या, शाळांची गॅदरिंग, जे येईल ते करतो. फुटबॉल मात्र कामापेक्षा थोडा जास्त होता. नांदेड आणि लातूरच्या गल्ल्यांच्या संघांची एक जुनी टूर्नामेंट होती. तिला दरवर्षी भोंगे माझेच असायचे. मैदानावर चुन्याची फक्की मारायची, कडेनं दोरी ओढायची, दोरीमागं माणसं उभी. बॅकला खेळणारा वेल्डर, गोलकीपर शाळेत शिपाई. रविवारी गोल खाल्ला की सोमवारी गिऱ्हाईक हिशोबाआधी टोमणा मारणार. माणसं खेळ बघायला यायची, त्याहून जास्त आपला माणूस बघायला यायची.

ती टूर्नामेंट बंद पडली आणि काही वर्षांनी लीग आली. लीगनं सगळं वाईटच केलं असं मी म्हणणार नाही. मैदानावर गवत आलं. ॲम्ब्युलन्स उभी राहायला लागली. पोरांना स्वतःचे बूट घ्यावे लागत नाहीत. पण खेळाडू लिलावातून येतात आणि सीझन संपला की जातात. स्पॉन्सर बदलला की संघाचं नाव आणि शर्टाचा रंग बदलतो. सामन्याची वेळ स्ट्रीम बघून ठरते, म्हणजे मोबाइलवर लाइव्ह बघणारे कधी मोकळे असतील ते बघून. त्या वेळी गावातली दुकानं उघडी असतात. दुकानदार शटर पाडून येतील कसे?

नांदेडच्या पहिल्या सामन्यालाच कौस्तुभ माझ्याजवळ आला होता. म्हणाला, दादा, मयताला आल्यासारखं वाटतंय, क्राउड साउंड काहीतरी लावा. मी इंटरनेटवरून एक लावला. तो परदेशातल्या स्टेडियमचा निघाला, लोक एका सुरात इंग्रजी गाणं म्हणत होते. स्ट्रीमखाली कुणीतरी लिहिलं, नांदेडात इंग्रज कधी आले बे? कौस्तुभ हसला, पण त्याचा चेहरा उतरला. वरून फोन आला असावा. आपल्याकडचं काही नाही का, असं त्यानं विचारलं.

माझ्याकडे होतं. जुन्या टूर्नामेंटची शेवटची फायनल लातूरला झाली. तिच्या व्हिडिओ शूटिंगसाठी मी दोरीजवळ दोन माइक लावून पब्लिकचा आवाज वेगळा घेतला होता. त्यातला चांगला तुकडा कापला आणि त्याचा लूप केला. लूप म्हणजे एकच तुकडा न तुटता परत परत वाजत राहतो, सांधा कळत नाही. कौस्तुभनं हेडफोन लावून ऐकला. त्याच्या अंगावर काटा आला, खरंच आला, त्यानं हात पुढं करून दाखवला. म्हणाला, “दादा, यात जान आहे.”

ती जान कुणाची होती ते मला माहीत होतं.

त्या तुकड्यात सगळ्या गलक्याच्या वर एक आवाज येतो. “गुऱ्याऽऽ, जागा सोडू नगंस!” तो मन्मथआप्पांचा. मन्मथआप्पा लातूरचे भांड्यांचे व्यापारी. त्यांचा धाकटा भाऊ गुरुनाथ संघात बॅकला खेळायचा. बॅक म्हणजे गोलसमोर बचावाला उभा राहणारा. गुरुनाथला बॉल दिसला की पुढं धावायची खोड, आणि मागची जागा मोकळी पडायची. म्हणून आप्पा दोरीला धरून पूर्ण सामनाभर हीच हाक द्यायचे. मॅच असली की भांड्यांच्या ओळीत एकट्या त्यांचं शटर खाली. रेफ्रीला शिवी कधी नाही. फार झालं तर, “रेफ्रीसाहेब, चष्मा घरी ऱ्हायला का? आणून देऊ का?” एवढंच. लोक मॅचला यायचे तसे आप्पांना ऐकायलाही यायचे.

आप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली. मी मातीला गेलो होतो.

तरी मी तोच तुकडा निवडला. दुसरे तुकडे होते, पण ते सपक होते. हाकेमुळं गर्दी खरी वाटते, हे मला धंद्यातून कळत होतं. मनाची समजूत अशी घातली की शेकडो आवाजांत एक आवाज कोण ओळखतो. आम्हा साउंडवाल्यांना गर्दी म्हणजे एकच आवाज वाटतो, पाऊस किंवा पंख्यासारखा. वर घ्यायचा, खाली घ्यायचा. आणि नांदेडला झालंही तसंच. कुणाला काही कळलं नाही.

मग लातूरचा सामना लागला. कौस्तुभला कॅमेऱ्यासाठी खरे चेहरे हवे होते. तुमच्या ओळखीचे जुने शौकीन बोलवा, पास मी देतो, म्हणाला. मी गुरुनाथला फोन केला. आप्पा गेल्यापासून तो मैदानाकडं फिरकला नव्हता. आढेवेढे घेऊ लागला.

“सुधाकरभाऊ, गेल्या साली ज्या पोरानं आपल्यावर गोल मारला, त्योच औंदा आपला कॅप्टन. त्येला शिव्या देऊ का टाळ्या वाजवू? आधी एवढं सांगा.”

मी म्हणालो, दोन्ही करा, पण या. बराच वेळ बोललो. खेळ अजून तोच आहे, गवतावर बॉल कसा पळतो ते तरी बघा, म्हणालो. शेवटी तो म्हणाला, तुम्ही म्हणलाव म्हणून येतो.

फोन ठेवताना हाक माझ्या डोक्यात आली होती का? आली होती. लूप बदलायला पाच मिनिटं लागली असती. पण कौस्तुभला तोच आवडायचा, आणि पुढच्या सीझनचं काम अजून पक्कं व्हायचं होतं. मी मनात म्हटलं, भोंग्यातून काय एवढं ओळखू येतंय.

सामन्याच्या दिवशी लोहा, अहमदपूर करत टेम्पो घेऊन सकाळीच पोचलो. गुरुनाथ वेळेवर आला. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म. पंचेचाळिशीचा झाला तरी अंग तसंच भरीव. माझ्याकडं बघून हात केला आणि स्टँडच्या मधोमध जाऊन बसला. आजूबाजूला सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

सुरुवातीला त्याला बरं वाटलं असावं. आपल्या संघाच्या बॅकनं एकदा घसरून बॉल काढला, तेव्हा गुरुनाथनं टाळी वाजवली. मला आनंद झाला. आणलं ते बरं केलं असं वाटलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये कौस्तुभ बोलला, पब्लिक वर घ्या. मी घेतली.

“गुऱ्याऽऽ, जागा सोडू नगंस!”

गुरुनाथ उभा राहिला. आणि त्यानं मागं वळून बघितलं. भोंग्याकडं नाही, मागच्या खुर्च्यांकडं. एकेक ओळ बघत गेला, मग गेटकडं बघितलं. हाक मारणारा माणूस कुठं बसलाय ते शोधत होता. मला दुरूनही स्पष्ट दिसत होतं. हात फेडरवर होता, पण मी तो हलवला नाही.

काही मिनिटांनी लूप फिरून आला आणि हाक परत आली. या वेळी त्यानं वर बघितलं, खांबावरच्या भोंग्याकडं. मग पायऱ्या उतरून सरळ माझ्या टेबलाशी आला.

“आण्णा हाय का त्यो?” त्यानं विचारलं. आप्पांना तो घरात आण्णा म्हणायचा.

मी मान हलवली.

“कवाचा?”

शेवटच्या फायनलचा, असं मी सांगितलं. तो मिक्सरकडं बघत राहिला. मग म्हणाला, “बंद करा, भाऊ.”

मी फेडर खाली ओढला. मैदान एकदम मुकं झालं. बुटाचा बॉलवर बसणारा आवाज ऐकू यायला लागला, खेळाडूंचं आपसातलं हिंदी बोलणं ऐकू यायला लागलं. कौस्तुभ हेडफोनमध्ये दोनदा बोलला. मी उत्तर दिलं नाही म्हणून तो पळत आला. स्ट्रीम लाइव्ह आहे, स्पॉन्सर बघत आहेत, काय झालं, केबल गेली का? मी म्हणालो, यांच्या भावाचा आवाज आहे त्यात. वारले ते. कौस्तुभनं गुरुनाथकडं बघितलं. वाईट मुलगा नाही तो. हळू आवाजात म्हणाला, “सॉरी सर. दादा, तेवढा एक आवाज काढता येतो का?”

काढता येत नाही. दूध-पाणी एक झाल्यावर नुसतं पाणी काढता येत नाही, तसं. एक तर सगळी गर्दी ठेवायची, नाहीतर सगळी घालवायची. मी तसं सांगितलं. कौस्तुभ घड्याळाकडं बघत म्हणाला, मग आजच्या दिवस चालू द्या, पुढच्या वेळी बदलू. आणि माझ्याकडं बघत उभा राहिला.

मी फेडर वर घेतला. गुरुनाथ हातभर अंतरावर उभा असताना घेतला.

तो भांडेल असं मला वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. हाक पुन्हा येईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. आली, ती त्यानं खाली मान घालून ऐकली. मग म्हणाला,

“दुकान बंद करून यायचा त्यो माझ्यासाठी. कुणाचं बी पोरगं खेळताना वरडायला न्हाई यायचा. तुमी त्येला हितं कामाला लावलाव.”

हाफटाइमच्या आधीच तो गेला. कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा घेतला होता, मागं बघतानाचा. स्ट्रीमवर तो दोनदा दाखवला. भावूक झालेला चाहता, असं समालोचक म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी दोन कामं केली. लॅपटॉपमधून लूप पुसला आणि कौस्तुभला फोन करून त्याच्याकडचाही पुसायला सांगितलं. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की फाइल केव्हाच हेड ऑफिसला गेली आहे, बाकीच्या शहरांतले ऑपरेटरही तीच लावतात. “बेस्ट आहे ना दादा ती,” म्हणाला. मी दिली तेव्हा कुठं लावायची आणि कुठं नाही, असं काहीच बोललो नव्हतो.

दुसरं काम म्हणजे मूळ रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेऊन लातूरला गेलो. पूर्ण सामन्याचं होतं. त्यात आप्पांच्या कितीतरी हाका होत्या, चष्म्याचा विनोद होता, एकदा खोकलेही होते. गुरुनाथ दुकानात पातेल्यांचे गठ्ठे सोडत होता. त्यानं मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. मी माफी मागितली. तो म्हणाला, असू द्या. मी पेन ड्राइव्ह पुढं केला. आप्पांचा आवाज दुसरा कुठं नसेल, घरात ठेवा, म्हणालो.

त्यानं तो हातात घेतला. थोडा वेळ बघितला. मग माझ्या शर्टाच्या खिशात परत घातला.

“घरात लावलं तर वैनी दार उघडाय जातील,” तो म्हणाला. “मी तिथं वळून बघितलं न्हाई का?”

चहा झाल्यावर मी उठलो. मॅच बघायला परत कधी येणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पेन ड्राइव्ह माझ्याकडंच आहे. मी तो लावत नाही आणि पुसतही नाही.

पुढच्या सीझनचं काम मला मिळालं. मी ते घेतलं, हेही लिहून टाकतो. आता लूप लावत नाही. माइक स्टँडकडं तोंड करून ठेवतो, जेवढी माणसं असतील तेवढा आवाज जातो. कौस्तुभ कुरकुरतो. या धंद्यातल्या नव्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. गर्दी रेकॉर्ड करताना दोरीजवळ कोण उभं आहे ते बघून ठेवा. त्याचा आवाज वापरायचा तर त्याला विचारा. तो नसेल तर घरच्यांना विचारा. ते नको म्हणाले तर मैदान मुकं राहू द्या. मुकं मैदान ऐकून कुणी मरत नाही. फार तर सगळ्यांना खरं काय ते कळतं.

लातूरला यंदा सामने ठेवले नाहीत. पब्लिक येत नाही, असं कारण दिलं. संघाचं नाव मात्र लातूरच आहे, घरचे सामने पुण्यात खेळतो. तिथला ऑपरेटर वेगळा आहे. परवा मोबाइलवर बघितलं. बॉल मध्यावर होता, कुणी जागा सोडलेली नव्हती, आणि आप्पा गुरुनाथला हाक मारत होते. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नाही, त्यामुळं अजून तक्रार आलेली नाही.