अंगठा दाखवणारी गिऱ्हाइकं

मिलिंदने राजीनाम्याचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, फक्त इंग्रजी तपासून द्या." सोमवारी तो एचआरला देणार होता. मी कपाळावर हात मारला.

मिलिंद चाकणच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर. परमनंट. आमच्या पट्ट्यात परमनंट म्हणजे काय ते मुलींच्या बापांना विचारा. स्थळ बघताना नावाआधी तेच विचारतात. मी तीस वर्षं कारखान्याच्या क्वालिटी खात्यात काढली, आता छोट्या धंदेवाल्यांना सल्ला देते. ऐकतात कमी, तो भाग वेगळा.

त्याची आयडिया अशी, की कामगारांचे तेलकट युनिफॉर्म घरून न्यायचे आणि धुऊन, इस्त्री करून दोन दिवसांनी परत द्यायचे. थेरगावात गाळासुद्धा बघून ठेवला होता. ग्रीसचे डाग घरच्या साबणाला दाद देत नाहीत, बायका वैतागतात, हे खरंच होतं. पण गिऱ्हाईक येणार कशावरून, असं मी विचारलं. त्याने मोबाईल पुढे केला. शॉपमधल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने विचारलं होतं आणि झाडून सगळ्यांनी अंगठा दाखवला होता. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे हा बाबा साफ विसरला होता.

आमच्या भाषेत याला असम्प्शन म्हणतात. न तपासता खरी धरून चाललेली गोष्ट. मशीनवर हा माणूस गेज लावून मापल्याशिवाय एक नग पुढे सोडत नाही, आणि नोकरी सोडायला निघाला अंगठे मोजून! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, रविवारपर्यंत दहा युनिफॉर्म गोळा करून आण. या वेळचं धुणं फुकट. मग बघू तुझं इंग्रजी.

रविवारी तो आला, रिकामी पिशवी आणि बायकोला घेऊन. एकानेही युनिफॉर्म दिला नव्हता. कुणी 'बघू' म्हणालं, कुणी 'पुढच्या आठवड्यात'. चऱ्होलीचा त्याचा जिगरी दोस्त तर "देतो की राव, आमी काय पळून चाललोय व्हय?" म्हणत चहा पाजून मोकळा झाला. मिलिंद दोस्तांवर चिडला होता, मी मिलिंदवर. का देत नाहीत, हे त्याने एकालाही विचारलं नव्हतं.

त्याची बायको सुजाता रिकाम्या पिशवीची घडी घालत होती. "अहो, कंपनी वर्षाला किती जोड देते?" तिने विचारलं.

"दोन."

"एक अंगावर, एक दोरीवर. तिसरा आहे कुठं तुम्हाला द्यायला?"

"मागच्या वर्षीचे?"

"त्यांनी मी ओटा पुसते."

 चौदा वर्षं मिलिंद स्वतः हेच दोन जोड आलटूनपालटून घालत होता. मग त्याने अगदीच गाढवासारखं विचारलं, हे तू आधी का नाही सांगितलंस?

"विचारलंत कधी? राजीनाम्याचं तर मला काल कळलं."

मी पंख्याकडे बघत बसले. दुसरं काय करणार?

सोमवारी मिलिंद फर्स्ट शिफ्टला गेला. महिनाभर माझा फोन उचलला नाही, पण नोकरी शाबूत आहे. आता कुणी नवीन आयडिया घेऊन आलं, की मी मार्केट विचारत नाही, मशीन विचारत नाही. घरी सांगितलंय का, एवढंच विचारते. निम्मे तिथूनच परत जातात.