टाचेतला काटा

साखरेच्या आजाराने माझ्या पायांची जाणीव हळूहळू गेली होती. डाव्या तळव्याची जखम कशीबशी भरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुन्हा चिघळली तर पाय राहील याची खात्री नाही. खास बूट करून घ्यायला त्यांनी मला बारामतीला पाठवले. आमच्या अंथुर्णे गावाहून निघताना मी गावच्या बिरोबाशी मनातल्या मनात भांडलो. दर रविवारी देवळात अनवाणी येण्याचा नवस पाळतो, त्याचे हेच फळ का? खरे सांगतो, त्या दिवशी माझी श्रद्धा पार डळमळली होती.

मला वाटले, माप घेतले की काम झाले. पण बूट बनवणाऱ्या ताईंनी आधी मला चालवून पाहिले, जुन्या चपलांची झीज पाहिली, दिवसभर काय करतो ते विचारले. अनवाणी चालता का, यावर मी ठाम नाही म्हणालो. नवस मोडायला लावतील ही धास्ती होती. मग डोळे मिटायला सांगून त्या नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवू लागल्या. लागला की हो म्हणायचे. कळत काहीच नव्हते, पण चार माणसांत कमीपणा नको म्हणून मी अंदाजपंचे हो म्हणत सुटलो.

"आबा, आत्ता धागा माझ्या हातातच होता, पायाला टेकवलाच नव्हता," ताई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी टाच उजेडाकडे वळवली. मी पाय साबणाने घासून गेलो होतो, तरी एका भेगेत काहीतरी पिवळे दिसत होते. पू असेल म्हणून त्यांनी ती अलगद फाकवली. निघाला देवळातला हळदीचा भंडारा, आणि त्याखाली रुतलेला बाभळीचा काटा. भोवतीचे मांस लाल झाले होते. रविवारपासून दोन दिवस मी त्याच्यावरच चालत होतो. मग मीच कबूल केले.

"ताई, खोटं बोललो. देवाला अनवाणीच जातुय. उसाला पाणी देतानाबी पायात काय नसतं."

काटा काढून, टाच बरी होईपर्यंत त्यांनी बुटाचे काम थांबवले. मग सगळी तपासणी पुन्हा केली. या वेळी जिथे कळले नाही तिथे मी गप्प राहिलो.

परवाच्या रविवारी बूट घालून देवळाच्या पायरीखालीच उभा राहिलो. आत जायचे धाडस झाले नाही. हात जोडून म्हणालो, "देवा, नवस मोडलाय. पाय तुज्या हवाली." आजवर त्याच्यापुढे मी फक्त दुखणी घेऊन गेलो होतो. जे दुखायचेच थांबले आहे, तेही त्याला दाखवावे लागते.