‘बघू’ म्हणाले म्हणून गेले

‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. सहलीचं विचारायला पोरं आली की मीही त्यांना ‘बघू’च म्हणायचे आणि पोरं काय समजायचं ते समजायची. पण त्या दिवशी, भर उन्हात बांधावर उभ्या असलेल्या त्या सरांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं, आणि मी मनाशी ठरवून टाकलं की आपण याचा अर्थ ‘या’ असा घ्यायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सिल्वासाच्या मराठी शाळेत मी इतिहास शिकवत होते. नवरा सरकारी कचेरीत, दोन मुलं, राहायला टोकरखाड्याला सरकारी क्वार्टर. आम्ही मूळचे कोकणातले. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप धुळे-नंदुरबारकडून आलेले, गलोंड्याच्या कारखान्यांत पाळ्या करणारे. पुस्तकात उत्खननाचा एक धडा होता, त्यात खड्ड्याचं एक काळंकुट्ट चित्र. दरवर्षी तो धडा मी तोंडपाठ घडाघडा शिकवायचे. एकदा एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही असं खणताना बघितलंय का? नाही म्हटलं आणि पुढे शिकवायला लागले. पण ते ‘नाही’ मला लागलं. घरी येऊन भाकऱ्या थापतानाही तेच डोक्यात.

मग मी पत्रं लिहायला घेतली. जिथे जिथे हा विषय शिकवतात असं कळलं, तिथे तिथे लिहिलं की मी शिक्षिका आहे, सुट्टीत विनामोबदला काम करीन, माती उचलीन. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी लिहिलं की हे विद्यार्थ्यांसाठी असतं. एकांनी वय विचारलं. मी अडतीस लिहून पाठवलं, त्यानंतर तिकडून चकार शब्द नाही.

आणि मग माघातल्या एका लग्नाला डहाणूच्या बाजूला जाताना एस्टीच्या खिडकीतून मला शेतात खुंट्या दिसल्या. पांढरी सुतळी बांधून चौकोन आखलेले, चौकोनात उकिडवी बसलेली कॉलेजची पोरं, हातात ब्रश. पुस्तकातलं तेच चित्र, पण जिवंत, रंगीत. पुढच्या थांब्यावर नवऱ्याला म्हटलं, उतर. तो म्हणाला, अगं, लग्नघर अजून तीन गावं पुढे आहे. मी उतरलेच. शालू सावरत शेतातून चालत गेले आणि तिथल्या मुख्य सरांना गाठलं. माणूस सज्जन, पण पाहुण्यांना कंटाळलेला. सगळं ऐकून घेतलं, माझ्या शालूकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “आम्ही दिवाळीनंतर सुरू करतो. पुढच्या वर्षी बघू.” इतकंच. वाटेला लावलं होतं मला. नवरा लग्नात दिवसभर हसत होता.

दिवाळी जवळ आली तसं त्याचं हसू आटलं. मी फराळ आठवडाभर आधीच उरकला, चकलीचे डबे भरले, वर्गाचे सहामाहीचे पेपर तपासून ठेवले. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघणार, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत, असं जाहीर केलं. मग काय विचारता, क्वार्टरमधल्या सगळ्या वहिन्यांना माझी काळजी लागली. सणावाराला घर टाकून माती उकरायला? नवरा म्हणाला, बोलावलंय का तुला कुणी? मी म्हटलं, सर ‘बघू’ म्हणालेत. तो कपाळाला हात लावून बसला. पण सकाळी स्कूटरला वळकटी बांधली त्यानेच. वापी स्टेशनला टॉर्चमध्ये नवे सेल घालून दिले आणि नाहीच घेतलं तर रात्रीच्या गाडीने परत ये, रुसून बसू नकोस, असं दोनदा बजावलं.

सरांनी मला ओळखलं नाही. ‘बघू’ म्हणाला होतात, अशी आठवण करून दिली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की माझी मलाच दया आली. पण वळकटीसकट आलेल्या बाईला परत कसं पाठवणार? मुलींच्या तंबूत जागा होती. चकल्यांचा डबा उघडला तशी पोरंही माझ्या बाजूने झाली. सर म्हणाले, ठीक आहे, उद्या खड्ड्यात उतरा.

आणि दुसऱ्या दिवशी मी माती खाल्ली. हातात गवंड्याच्या थापीसारखी लहान टोकदार थापी, मातीचा पातळ पापुद्रा काढत सरकायचं. तासाभरातच एक खापर वर आलं, काठाला नक्षी असलेलं. माझे हात शिवशिवले. वीस वर्षं संसार केलेले हात ते, जमिनीवर पडलेलं काही दिसलं की उचलायचं, पुसायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी खापर उचललं, पदराने स्वच्छ पुसलं आणि कौतुकाने सरांकडे नेलं.

“कुठे होतं हे?” त्यांनी विचारलं.

“तिथे.”

“तिथे म्हणजे कुठे?”

मी वळून पाहिलं. खड्ड्यात सगळीकडे सारखीच माती. सर ओरडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले की कुठे होतं ते कळलं नाही तर ते नुसतं खापर उरतं. मोजायचं, कागदावर काढायचं, फोटो घ्यायचा आणि मगच हलवायचं. मग त्यांनी मला खड्ड्यातून काढलं आणि खापरं धुवायला बसवलं.

नाकाला मिरच्या झोंबल्या. घरची भांडी घासायचं टाकून इथे आले, तर इथे कुणा परक्या बायकांची शेकडो वर्षांपूर्वीची भांडी घासत बसायचं! रडूही आलं, खोटं कशाला सांगू. पण रात्रीच्या गाडीचा विचार मनात आला तसा वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्नही आला. म्हटलं, नाही. परत गेले तर तिला काय सांगू, बाईंनी खापरं धुतली?

तेव्हा मी सरांच्या खनपटीलाच बसले. रोज संध्याकाळी विचारायचं, उद्या खड्ड्यात? ते रोज म्हणायचे, बघू. दिवसा मी एका टोपलीतलं खापर दुसऱ्या टोपलीत जाऊ देत नव्हते, खापरं कुठून निघाली ते लिहिलेली टोपलीची चिठ्ठी ओली होऊ देत नव्हते. जेवणाच्या सुट्टीत काठावर बसून पोरं काय करतात ते पाहायचे. हात मात्र मागे बांधून. तसं बसायची मी स्वतःला सवयच लावली होती. पोरं हसायची, बाई, तुम्हाला शिक्षा केलीय का?

सुट्टी संपत आली होती. एका पोराला ताप आला आणि त्याला तालुक्याला नेलं. त्या संध्याकाळी मी विचारायच्या आतच सर म्हणाले, उद्या त्याच्या चौकोनात बसा, हात सांभाळून.

मिळाले ते शेवटचे थोडे दिवस. पहिले नुसत्या मातीत गेले, आणि निघायच्या दिवशी दुपारी थापीला काहीतरी कडक लागलं. मी थांबले. ब्रश घेतला. आधी काठ दिसला, मग गळा, मग फुगीर पोट. तडे गेलेलं, पण अख्खं मडकं, जरासं कलंडलेलं, कुणीतरी आत्ताच ठेवून गेल्यासारखं. सगळा खड्डा माझ्याभोवती जमला. पण कॅमेरा त्या दिवशी दुरुस्तीला गेलेला, तो दुसऱ्या सकाळी येणार होता. तोवर मडकं हलवायचं नव्हतं. आणि माझी एस्टी पाचची, तीच शेवटची. उद्या सकाळी शाळा.

पोरं हळहळली. त्यांतलीच एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, सुटलंच आहे ते. पटकन काढून तुमच्या हातात देते, मग परत तसंच ठेवू. कुणाला कळणार नाही.”

काय सांगू मला किती हवंसं वाटलं. माझं होतं ते. माघापासून वाट पाहिली होती, बोलणी खाल्ली होती, ढीगभर खापरं धुतली होती. हात पुढे गेलाही. मी तो मागे घेतला, दुसऱ्या हाताने मागे धरून ठेवला.

“परत तसंच ठेवता येत नाही,” मी म्हणाले. आवाज वर्गातला निघाला. “कुणीही हात लावायचा नाही.”

पोरं मागे सरकली. तेव्हा कळलं, सर मागेच बांधावर उभे होते. ते घड्याळात पाहून म्हणाले, पळा, एस्टी चुकेल. मी तशीच, मातीच्या हातांनी वळकटी उचलली. शेताच्या कडेपर्यंत ते बरोबर आले.

“दिवाळीनंतर सुरू करतो आम्ही,” ते म्हणाले. मी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले. “या.”

एस्टीत मी घळाघळा रडले. शेजारच्या बाईने माहेर सुटलं वाटतं म्हणून विचारलं, मी हो म्हटलं.

वापीला नवरा स्कूटर घेऊन उभा. माझे हात बघून म्हणाला, सापडलं का काही? मडकं, म्हटलं. मग दाखव की. म्हटलं, ते तिथेच आहे. तो वैतागलाच. तिथे म्हणजे कुठे?

मी मागे बसले, वळकटी मांडीवर घेतली, आणि टोकरखाड्यापर्यंत त्याला सांगत राहिले: कुठल्या खुंटीपासून किती हात, वरून किती खोल, कुठल्या रंगाच्या मातीत, तोंड कुठल्या दिशेला कलंडलेलं. अर्धं वाऱ्यावर गेलं असणार. पण त्याने स्कूटर हळू चालवली, आणि मी काहीच सोडलं नाही.