भिंतीतली टाकी

धर्माजी प्लंबरला आगरदांड्यापासून मुरुडपर्यंत सगळे ओळखतात, आणि तो स्वतःला जरा जास्तच ओळखतो. पाना हातात धरून छत्तीस वर्षं झाली. कुणाच्या घरात कुठला नळ गळतो हे घरमालकाच्या आधी याला कळतं, आणि हा बाबा ते चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगूनही मोकळा होतो. जिभेला हाड नाही म्हणतात ना, तसला माणूस. आणि जिथं खरोखर बोलायची वेळ आली, तिथं नेमका मिठाची गुळणी धरून बसला. त्याचीच ही गोष्ट.

धर्माजीचा बाप उरणकडे मिठागरात राबला. मिठागरं बुजली, कुटुंब किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकलं, आणि विशीतल्या धर्माजीला नजमुद्दीनशेठनी आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ठेवून घेतलं. मोहल्ल्यातलं पहिलं काम देताना शेठनी त्याला एकच धडा दिला. आमच्या घरात संडासला बसणाऱ्याचं तोंड किबल्याकडं होता कामा नये आणि पाठही होता कामा नये. किबला म्हणजे नमाजाची दिशा. आपल्या किनाऱ्यावर ती पश्चिमेला, समुद्राकडं. म्हणून भांडं बसवायचं ते उत्तर-दक्षिणच. शेठ म्हणायचे, "आधी रुख विचारायचा, मगच छिन्नी लावायची." धर्माजीनं हे असं घोकलं की मोहल्ल्यातल्या बायका त्याला रुखवाला म्हणायला लागल्या. नव्या पोरांनी उलटी बसवलेली भांडी यानं काढून सरळ केली, आणि वर त्या पोरांना शिव्याही घातल्या.

शेठ गेले त्याला आठ वर्षं झाली. मागं त्यांची बायको रेहानाभाभी आणि सून महनूर. मुलगा मुआज दोह्याला नोकरीत. भाभींचे गुडघे पार गेलेले. संडास परसात, पाच पायऱ्या उतरून, उकिडवं बसायचा. दर वेळी महनूर काखेत हात घालून न्यायची, बसवायची, उठवायची. भाभी आयुष्यात कुणापुढं पदर सावरल्याशिवाय बोलल्या नाहीत, त्या बाईला हे किती लागत असेल! शेवटी मुंबईला दोन्ही गुडघे बदलायचं ठरलं. निघायच्या दिवशी त्यांनी धर्माजीला बोलावून घेतलं.

"धर्मा, मी येईस्तोवर घरातल्या घरात खुर्चीवानी बसायचं कर. मला एकटीनं जाता यावं, बस. मरेपर्यंत सुनेनं उचलून न्यावं हे मला नको. बाकी तुला काय सांगायचं?"

"भाभी, निर्धास्त जा," धर्माजी म्हणाला.

भाभी गेल्या आणि चौथ्या दिवशी टेम्पोतून खोकी आली. मुआजनं मागवलेली. लोखंडी फ्रेम, तिच्यात चपटी टाकी, भिंतीला लटकणारं पांढरंशुभ्र भांडं आणि चकचकीत बटण. टाकी सगळी भिंतीच्या आत जाणार, बाहेरून दिसणार फक्त बटण. कन्सील्ड म्हणतात ती. धर्माजीनं ही नागावला फाटकाशी उतरवून ठेवलेली पाहिली होती. होमस्टेवाल्यांकडं दोनदा काम मागायला गेला, तेव्हा तिथल्या ठेकेदारानं त्याला फाटकातूनच परतवलं होतं. "बाबा, हे तुमच्या काळातलं काम न्हाय." तो शब्द धर्माजीच्या छातीत दोन वर्षं रुतून बसला होता.

आता पेच असा की नव्या बाथरूमची उत्तरेची भिंत चार इंची. तिच्यात ती टाकी मावेना. जाड चिऱ्याची भिंत एकच, आणि ती पश्चिमेची. तिला भांडं लावलं की बसणाऱ्याची पाठ थेट किबल्याला. धर्माजीनं मुआजला व्हिडिओ कॉल लावला.

"उत्तरेच्या भिंतीपुढं अर्धी भिंत उचलू, तिच्यात टाकी घालू," तो म्हणाला.

"मग शॉवरचा काचेचा कप्पा बसणार नाही, काका."

"मग साधी बाहेरची टाकी लावू. उत्तरेला. भाभींना काय, बसायला मिळाल्याशी मतलब."

"आजकाल बाहेरची टाकी कोण लावतं? पश्चिमेलाच घ्या. अम्मीला मी समजावतो, तुम्ही काही बोलू नका." मग मुआज हसून म्हणाला, "जमत नसेल तर तसं सांगा. नागावहून माणसं बोलावतो."

झालं. इथंच माशी शिंकली. धर्माजीनं फोन ठेवायचा होता, खोकी बांधायची होती, भाभींना मुंबईला कळवायचं होतं. त्यातलं त्यानं काही केलं नाही. म्हणाला काय, तर "जमत न्हाय असं कोन बोलतो?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेच्या भिंतीला छिन्नी लावली.

काम मात्र असं केलं की बघत राहावं. चिरा कापून फ्रेम अशी बसवली की केसाएवढा फरक नाही. टाइल लावायच्या आधी दोन दिवस पाणी भरून ठेवलं, थेंब गळाला नाही. त्या दिवसांत भाभींचा दवाखान्यातून फोन आला होता. आवाज खोल गेलेला.

"धर्मा, बरोबर चाललंय ना रे?"

"व्हय भाभी. एकदम बरोबर."

किती सहज बोलला मेला! टाइल बसल्यावर गल्लीतल्या लोकांना बोलावून बोलावून बटण दाबून दाखवलं. नागावच्या ठेकेदाराला फोटो पाठवला. त्या आठवड्यात धर्माजीइतका खूश माणूस आगरदांड्यात दुसरा नव्हता.

भाभी वॉकर धरून घरी आल्या. आल्या आल्या त्यांना बाथरूम दाखवायला नेलं. त्या दारात थांबल्या. पन्नास वर्षं त्याच घरात पाच वेळा नमाज पढलेली बाई, तिला दिशा काय विचारायची! भांड्याकडं बघितलं, मग धर्माजीकडं बघितलं. तो टाइलवरचा नसलेला डाग पुसत होता.

"साफ झालंय काम," भाभी एवढंच म्हणाल्या आणि वॉकर वळवला.

धर्माजीनं मनाची समजूत घातली. पोरानं समजावलं असेल, बाईनं मानलं असेल, म्हातारपणी माफ असतं म्हणे. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो! तीन आठवडे तो त्या गल्लीनं गेलाच नाही. मग महनूरचा फोन आला. अम्मींना आधाराला स्टीलचा दांडा हवाय, लावून द्या.

तो दांडा आणि ड्रिल घेऊन गेला. महनूर दारातच हळू आवाजात म्हणाली, "काका, अम्मी सरळ बसत नाहीत. तिरप्या बसतात, उत्तरेकडं तोंड करून. डॉक्टर ओरडले, गुडघा सुजलाय. पण ऐकत नाहीत. तोल जातो म्हणून मला धरायला लागतं."

"दांडा कुठं लावायचा ते त्यांनीच दाखवायला पायजे," धर्माजी म्हणाला.

भाभी आल्या. झाकण पाडून, सगळ्या कपड्यांनिशी, त्या परक्या पुरुषासमोर त्या भांड्यावर बसल्या. आधी सरळ, मग कण्हत कण्हत आडव्या वळल्या. नवा गुडघा वाकडा झाला. ओठ घट्ट मिटले. तोल सावरायला डावा तळवा आपसूक पश्चिमेच्या भिंतीवर टेकला, बटणाच्या शेजारी.

"हितं लाव," त्या म्हणाल्या.

धर्माजीनं टेप धरला, पेन्सिल काढली आणि हात तिथंच थांबला. टाइलच्या आत दोन बोटांवर टाकी होती. त्यानंच बसवलेली.

"भाभी, हितं भोक पाडता येत न्हाय. मागं टाकी हाय."

"मग मी काय धरू?"

धर्माजीनं टेप गुंडाळला. "मी फोडतो सगळं. आजच फोडतो. उत्तरेला साधं बसवून देतो. मुआजला काय बोलायचं ते मी बोलतो."

"आता बोलशील?" भाभींचा आवाज चढला नाही. "मुआज माझा पोर हाय, त्याला कळलं न्हाय. तुला कळत होतं. मी पलंगावरनं फोन केला तेव्हा पण कळत होतं."

धर्माजीनं पेन्सिल खिशात टाकली आणि ड्रिल उचललं.

"फोडू नको. फोडलंस तर महिनाभर मला परत त्या पाच पायऱ्या. माझ्यात आता तेवढं बळ न्हाय रे." त्यांनी भिंतीवरचा तळवा काढला, धर्माजीकडं न बघता पदर सारखा केला आणि दाराकडं हाक मारली.

"महनूर, ये गं. उठव मला."