गिरजाचा अंगठा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनेला नाही, मुलाला नाही. आणि जिला सांगायला हवं त्या गिरजाला तर नाहीच. तुम्हाला सांगते.

आर्णीत आमचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. चालवते सून. ती बाळंतपणाला माहेरी नेरला गेली, तेव्हा मी बसले. चौथी शिकलेली म्हातारी कॉम्प्युटरवर — लोकांना कौतुक. मलाही होतं, खोटं कशाला बोलू?

अंगठ्याचं मशीन बिघडलं, नवं आणलं. सुनेनं फोनवर बजावलं, "आई, जुन्याचा ड्रायव्हर काढाच्या आधी ते वीज वाचवाची सेटिंग बंद करा. नाही त नवं मशीनही झोपून राहीन." लाइट गेल्यावर बॅटरी पुरावी म्हणून ती सेटिंग लावलेली — काम नसलं की मशीन आपोआप बंद. मी ड्रायव्हर काढला. सेटिंग काही सापडली नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. म्हटलं, "केलं सगळं."

रांग असली की मशीन जागं राही, अंगठे लागत. गिरजा आली भर दुपारी, एकटी. माझी लहानपणची मैत्रीण. हयातीचा दाखला हवा होता. त्याच्याशिवाय तिची पेन्शन थांबली असती. अंगठा ठेवला — लागेना. पुसून ठेवला — लागेना.

"काहून वं? मेली का मी?" ती हसली.

मशीनचा दिवा विझलेला होता. मला दिसत होतं. आणि मी काय म्हणाले?

"तुये बोटं झिजले, कापूस येचू येचू."

तिनं लगेच मानलं. इकडची कुठली बाई मानणार नाही? हे मला ठाऊक होतं — म्हणून तर तेच म्हणाले.

त्या हंगामात गिरजा वेचणीला गेली नाही. अंगठा जपायचा म्हणून. शेवटी बसनं यवतमाळला गेली, तिथं पहिल्याच वेळी लागला. मला येऊन म्हणते, "तिकडचं मशीन भारी असन वं!" मी हो म्हटलं. तोवर सुनेनं परत येऊन सेटिंग काढून टाकली होती.

निघालं बाई एकदाचं तोंडातून. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतंय.

गिरजा अजून रोज त्या अंगठ्याला खोबरेल चोळते. अंगठा चांगला होता. मला माहीत होतं.